दुसऱ्या मजल्यावरचे अनोळखी डेव्हलपर

प्रधान मला कधी आवडले नाहीत, आणि ते गेले म्हणून आता आवडू लागतील अशी काही चिन्हं दिसत नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं ही रीत आमच्या बिल्डिंगने तेराव्यापर्यंत नेमाने पाळली. कुणी त्यांना हुशार म्हणालं, कुणी सडेतोड, कुणी स्वाभिमानी. मी गप्प बसले, कारण माझ्याजवळ होते ते शब्द सोसायटीच्या शोकसभेत चालण्यासारखे नव्हते. एवढंच मनात आलं, की मृत्यूच्या दाखल्यावर मेलेल्याची सही लागत नाही. लागली असती तर प्रधान अजून जिवंत असते.

विनायक प्रधान शक्यतो कशावरही सही करत नसत. सोसायटीची नोटीस वाचल्याची सही, टाकीच्या कामाला संमती असल्याची सही, दुसऱ्या कुठल्या बिल्डिंगमध्ये शिरताना वॉचमन पुढे करतो त्या रजिस्टरमधली सही, सगळ्यांना त्यांचं एकच उत्तर असे. "मी समोर उभा आहे. आणखी काय हवं?" एकदा कुरियरवाला मोबाइलवर आलेला नंबर सांगा म्हणून अडून बसला. प्रधान म्हणाले, पार्सलवर माझं नाव आहे, दारावर माझं नाव आहे, दारात मी आहे, मग नंबर कशाला? तो पार्सल घेऊन निघून गेला. मग हे स्कूटर काढून पळस्प्याला त्याच्या गोडाउनपर्यंत गेले, तिथे त्यांच्याकडे आधार कार्ड मागितलं, आणि हे हात हलवत परत आले. पार्सलमध्ये मिक्सरचं भांडं होतं. पुढे कित्येक महिने त्यांनी वाटण पाट्यावर केलं, आणि मी बरोब्बर त्यांच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहते.

दिसायला उंच, काटकुळे. घरात आणि बाहेर तीच खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा बुशशर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. बोलताना डोळ्याला डोळा लावून बघत आणि पापणी लवू देत नसत. समोरच्याने नजर वळवली की वाद आपण जिंकला असं धरून चालत. बायको लवकर गेली होती, मुलगी नाशिकला. ती बापाला फोन करी तेव्हा तिच्याशीही ते भांडत. जिन्यात सगळं ऐकू येई.

मी बँकेत नोकरी करते. लोकांना ओळख पटवायला लावणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग, तेव्हा आमचं जमणं अशक्यच होतं. नोव्हेंबरात पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. प्रधान आले ते नेमके माझ्या टेबलाशी बसले, आणि मशिनवर अंगठा ठेवायला नकार दिला. मागे ही रांग. मी म्हटलं, नियम आहे, तुम्ही जिवंत असल्याचं मशिनला पटायला हवं.

"काल संध्याकाळी माझ्या बोंबलांच्या वासावरून भांडायला वर आला होतात," प्रधान म्हणाले. "मेलेल्या माणसाशी भांडलात का?"

रांगेतले म्हातारे हसले, मी हसले नाही. शेवटी मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये नेऊन चहा पाजला, गोडीगुलाबीने हात धरला आणि तो अंगठा एकदाचा टेकवला. त्या संध्याकाळी जिना चढताना माझ्या दाराशी थांबून ते मोठ्याने म्हणाले, की आजपासून आपण अधिकृतपणे जिवंत आहोत. मी दार उघडलं नाही.

निवृत्तीआधी ते रसायनीच्या एका कारखान्यात होते. तिथल्या कंट्रोल रूमची एक गोष्ट सोसायटीच्या प्रत्येक सत्यनारायणाला आम्हाला ऐकावी लागे. कुठल्याशा टाकीचा भोंगा कारण नसताना सारखा वाजायचा. कामगार मान वर न करता बटण दाबून त्याला गप्प करायचे. प्रधानांनी एक दिवस त्याची वायरच काढून टाकली. सारखं खोटं ओरडणाऱ्याकडे कोण लक्ष देतं, असं त्यांचं म्हणणं. भोंगा गेल्यावर लोक निदान टाकीकडे बघायला लागले. मग शिऱ्याचा द्रोण चाटूनपुसून संपवत शेवटचं वाक्य येई, "आणि काही झालं नाही." काही झालं नाही, यातच त्यांचं शहाणपण सिद्ध होत असे. मी एकदा विचारलं, झालं असतं तर ही गोष्ट सांगायला कोण उरलं असतं? ते म्हणाले, बँकेच्या बाई, तुम्हाला भोंग्यांचा पगार मिळतो. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. मी कायम बँकेच्या बाई.

या माणसाला जगात एकाच गोष्टीचं प्रेम होतं, आणि ती म्हणजे मासळी. त्यांच्याकडे सोड्यांची खिचडी होई, ओल्या बोंबलांचं भुजणं होई, आणि सगळं ते स्वतः करत. ते चांगलं होत असणार हे खालपर्यंत येणाऱ्या वासावरून मला कळे, म्हणून तर मी भांडायला जात असे. मला कधी वाटीभर पाठवलं असेल तर शपथ.

मासळी आणायची वनिता. वनिता उरणची. पहाटे करंज्याच्या बंदरावर लिलावात माल घ्यायचा, टेम्पोने पनवेल गाठायचं, आमच्या गेटाच्या आत सावलीला बसायचं, आणि आमचं झालं की रोडपालीच्या बिल्डिंगी करायच्या, असा तिचा दिवस. नवऱ्याची होडी केव्हाच गेली होती, पाठोपाठ नवराही. दोन मुली कॉलेजात होत्या. बाजारात तिला बसायला जागा नव्हती. आमच्या आणि रोडपालीच्या गेटांतून आत येऊ देतात, एवढ्यावर तिचं सगळं घर चाललेलं होतं. हे तीच सांगायची, कुरकुर म्हणून नव्हे, पापलेट साफ करता करता सहज.

प्रधानांचं दुःख असं, की वनिता आज काय आणणार आहे हे आधी कळत नाही. मोबाइलवरच्या मेसेजच्या ग्रुपवर त्यांचा विश्वास नव्हता. माझे बोंबील त्या कंपनीला कशाला कळायला हवेत, असं ते म्हणत. म्हणून म्हातारपणी क्लास न लावता, घरी बसून, रागारागाने शिकून त्यांनी एक अॅप बनवलं. नाव 'टोपली'. बंदरावरून वनिताने काय घेतलं ते त्यात टिपायचं, आपण घरबसल्या आपलं नाव लावायचं, आणि गेटावर येऊन पिशवी घेऊन जायचं. वनिताला लिहा-वाचायला येत होतं, पण टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्यांनी प्रत्येक माशाचं चित्र काढलं होतं. मांदेली मांदेलीसारखीच दिसत होती. एवढं मी मान्य करते.

आता अॅप फोनच्या अधिकृत स्टोअरमध्ये ठेवायचं तर त्यांना नाव, पत्ता आणि ओळखपत्राचा फोटो हवा. प्रधान खवळले. उरणचे बोंबील पनवेलात विकायला मी सातासमुद्रापलीकडे कुणाला ओळखपत्र दाखवू, असं महिनाभर जिन्यात जो भेटेल त्याला विचारत सुटले. यात थोडं तथ्य होतं हे मी तेव्हा कबूल केलं नाही आणि आताही करायची इच्छा नाही. त्यांनी अॅप स्टोअरमध्ये ठेवलंच नाही. फाइल सरळ लोकांच्या फोनवर पाठवायला लागले.

तशी फाइल उघडली की फोन आडवा येतो. एक चौकट उघडते, हे अॅप हानिकारक असू शकतं, हे अनोळखी डेव्हलपरने बनवलं आहे, असं बजावते. खाली मोठ्या ठसठशीत अक्षरात 'रद्द करा'. आणि त्याहून खाली, कुणाला दिसू नये अशा बारीक अक्षरात, 'तरीही इन्स्टॉल करा'. अनोळखी हा शब्द प्रधानांना जो झोंबला तो झोंबलाच. अठ्ठावीस वर्षं पनवेलात राहिलेला मी अनोळखी?

त्यावर त्यांनी एक तोडगा काढला. रविवारी सकाळी गेटात, वनिताच्या टोपलीशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. ज्याला अॅप हवं त्याने स्वतः यायचं. फाइल परस्पर कुणाला पुढे पाठवायची नाही, हा त्यांचा कडक नियम. फोन ते हातात घेत नसत. चौकट आली की म्हणत, "वाचा." माणूस वाचायचा. मग टक लावून, "आता माझ्याकडे बघा. ओळखता?" माणूस म्हणायचा, हो, दुसऱ्या मजल्यावरचे प्रधान. "मग दाबा."

लोकांना गंमत वाटायची. सगळ्या बिल्डिंगने दाबलं. मग ते वनिताच्या टेम्पोतून रोडपालीला गेले, तिथल्या गेटाबाहेर खुर्ची टाकली, कारण आत जायला सही लागली असती, आणि तिथल्यांनाही शिकवलं. सगळ्यात आधी अर्थातच वनिताला शिकवलं होतं. तिला हे इतकं पटलं होतं, की गिऱ्हाइकांना तीच समजावायची. ती चौकट भिऊन लिवलेली असते, मानूस वळखीचा हाय का बघायचा आनि खालचं बारीक दाबायचं. प्रधान अभिमानाने मान हलवत.

मी दाबलं नाही. बँकेत मी दिवसाला दहा जणांना सांगते की बाहेरून आलेलं काही फोनमध्ये घेऊ नका, आणि घरी येऊन तेच करू? हे मी त्यांना गेटात सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं, तुम्ही लोकांना बारीक अक्षरं शोधायला शिकवताय. उद्या दुसरा कुणी तीच चौकट पाठवेल.

"दुसऱ्या कुणाला ते ओळखणार नाहीत," प्रधान म्हणाले. "तेच तर शिकवतोय."

परिणाम एवढाच झाला, की चांगली मासळी सगळी आधीच लोकांच्या नावाने लागलेली असे. मी गेटावर पोचेपर्यंत टोपलीत मांदेली उरायची. मी वर्ष-दीड वर्ष मांदेली खाल्ली. मांदेली वाईट नसते, पण समोरून प्रधान बोंबलांची जडशीळ पिशवी घेऊन जाताना आणि "बँकेच्या बाई, सुरक्षित का?" असं विचारताना ती गोड लागत नाही.

मग हळदीचा हंगाम आला.

कोळ्यांमध्ये हळद लग्नाहून मोठी. बँड, जेवण, रात्रभर नाच, आणि आमंत्रण सगळ्यांना. वनितासारखी बाई घरच्या हळदीला आपल्या गिऱ्हाइकांनाही बोलावते. न बोलावणं म्हणजे गिऱ्हाइकाला परकं मानणं. तिच्या पुतण्याच्या हळदीला आमच्या बिल्डिंगमधली दोन घरं उरणला जाऊन आली होती, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सामंतबाई, रिटायर्ड शिक्षिका, तिथे चक्क नाचल्या होत्या.

एका दुपारी वनिताच्या फोनवर तिच्या मामेभावाच्या नंबरावरून मेसेज आला. लेकीची हळद आहे, पत्रिका सोबत आहे, उघडून बघ. पत्रिका म्हणजे एक फाइल. वनिताने उघडली. चौकट आली. हे अनोळखी डेव्हलपरने बनवलं आहे. नंतर तिने मला हे सांगितलं तेव्हा ती माझ्या बँकेतल्या टेबलासमोर बसली होती आणि पदर तोंडाशी धरला होता. म्हणाली, "मी वाचलं ना ताई. मनात बोलली, राजूदादाला मी वळखते. मंग दाबलं."

राजूदादाचा फोन अशाच फाइलमुळे आधीच कुणा चोराच्या ताब्यात गेलेला होता. आता वनिताचाही गेला. आणि तासाभरात तिच्या फोनवरून, तिच्या नावाने, तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज गेले. माझ्या घरी हळद आहे, नक्की या, पत्रिका सोबत आहे. आमच्या बिल्डिंगला आनंद झाला. वनिता बोलावतेच, त्यात नवल काही नाही. चौकट आली तेव्हा प्रत्येकाने शिकवल्याप्रमाणे विचार केला, वनिताला ओळखतो का? ओळखतो. आमच्याकडे चौघांनी दाबलं, रोडपालीला त्याहून जास्त. सामंतबाईंनी तर कुठली साडी नेसायची तेही ठरवून टाकलं होतं.

त्यांच्या खात्याला हात लागला. त्या रडत बँकेत आल्या, मी धावपळ करून खातं बंद केलं, आणि जे जायचं होतं ते बरंचसं वाचलं. पण सत्तरीच्या बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, की वनिताने असं करावं. मी सांगितलं, वनिताने काही केलेलं नाही. त्यांनी ऐकलं नाही. मेसेजवर वनिताचं नाव होतं, फोटो होता, टोपली डोक्यावर घेतलेली, हसणारी वनिता.

सोसायटीने त्याच दिवशी ठराव केला, की तिला गेटाच्या आत येऊ द्यायचं नाही. सगळ्यांनी तिचा नंबर ब्लॉक केला, मीही केला, कारण त्या क्षणी तेच बरोबर होतं. रोडपालीतही तसंच झालं. वनिता दोन वेळा टोपली घेऊन आली, वॉचमनशी बोलली, आणि रस्त्याच्या कडेला उन्हात बसली. बर्फ वितळून पाणी रस्त्यावर वाहत होतं. आमच्या बिल्डिंगमधून कुणी खाली उतरलं नाही. वर खिडकीत प्रधान उभे होते, तेही उतरले नाहीत. ते मात्र मला बघवलं नाही.

मी वर गेले. बेल वाजवली. दार उघडल्यावर आधी ते म्हणाले, की आज बोंबील केलेले नाहीत. मी म्हटलं, ती बाई खाली उन्हात बसली आहे आणि ती तुमच्यामुळे बसली आहे.

"मी फाइल पुढे पाठवायची नाही म्हणून सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी माणूस ओळखायला शिकवलं."

"तिने ओळखलाच होता. राजूदादा तिचा सख्खा मामेभाऊ आहे. सामंतबाईंनी वनिताला ओळखलं होतं. सगळ्यांनी तुमचा धडा चोख गिरवला, प्रधान. कारखान्यात काही झालं नाही. इथे झालं."

मला वाटलं आता हे पापणी न लवता बघत राहतील आणि काहीतरी तिरकस बोलतील. मी तयारीने आले होते. पण त्यांनी नजर वळवली. खिशातला टेस्टर काढला, परत ठेवला, आणि दार लावून घेतलं. मला खूप बरं वाटलं. खाली येऊन चहा केला आणि तो शांतपणे प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. दारात प्रधान, आणि त्यांच्या मागे दोन पायऱ्या खाली वनिता, हातात टोपली नाही, साडी बाहेर जायची. प्रधानांनी फुलपँट घातली होती. त्यांच्याकडे फुलपँट आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"ही वनिता," ते म्हणाले, जसं काही मी तिला पहिल्यांदाच बघत होते. "मेसेज हिने पाठवलेला नाही. मी शिकवलं तसं हिने केलं. हिचा नंबर पुन्हा चालू करा, आणि हिने गेटात यायला विरोध नाही म्हणून सेक्रेटरीला सांगा."

माफ करा हा शब्द त्यात नव्हता. मी तो शोधला. मी वनिताकडे बघून नंबर चालू केला, आणि मग त्यांना विचारलं, तुमच्या अॅपचं काय? ते म्हणाले, सगळ्यांच्या फोनमधून काढायला लावतोय, तुमच्यात नाहीच. एवढं बोलून ते शेजारच्या दाराकडे वळले. ते माझं कौतुक होतं की नुसती माहिती होती, हे ठरवायचं मी सोडून दिलं आहे.

त्यांनी सगळी बिल्डिंग केली. सामंतबाईंनी दार अर्धवट उघडून लावून घेतलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेच चार शब्द, तोच उर्मट आवाज, त्यातही फरक नाही. शेवटी सामंतबाई वनिताच्या गळ्यात पडून रडल्या आणि प्रधानांना म्हणाल्या, की तुम्ही मात्र माझ्या दारात पुन्हा येऊ नका. मला ते फार योग्य वाटलं.

मग रोडपाली. तिथली हकीकत मला वनिताने सांगितली. प्रत्येक गेटावर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. वनिता घाबरली, की आता काका इथूनच भांडून परत फिरणार.

"काकांनी सगलीकरं सही केली," ती म्हणाली. "नाव लिवलं, फ्लॅट लिवला, सही. येका गेटावर बोलला तो, फोन नंबर पन लिवा. तो पन लिवला."

मी विचारलं, चेहरा कसा होता? वनिता म्हणाली, "दाढ काडतात ना, तसा."

गेटं उघडली. सगळी नाही, पण तिचं घर चालेल इतकी उघडली. वनिता पुन्हा आमच्या सावलीला बसू लागली, आणि कुणाला काय हवं ते लोक तिला फोन करून, तिचा आवाज ऐकून सांगू लागले. अॅप गेल्यामुळे मलाही पुन्हा सुरमई मिळू लागली.

इथेच थांबले असते तर ते प्रधान कसले. पावसाळी बंदी उठून होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, आणि एका रविवारी ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली उतरले. पुन्हा अर्धी चड्डी. 'टोपली' नव्याने बनवली होती, आता म्हणे वनिताच्या नावाने दुसरं कुणी काही पाठवूच शकणार नाही. पण स्टोअरमध्ये ठेवली का? नाही. ओळखपत्र दाखवलं का? नाही. रोडपालीच्या वॉचमनला दिली ती सही ह्या स्टोअरवाल्यांना मिळणार नाही, म्हणाले. गेटात पाच-सहा जण होते, मीही रांगेत होते. प्रधानांनी फाइल पहिल्यांदा वनिताला पाठवली. तिने हात धुतले, पदराला पुसले, फोन घेतला. चौकट आली.

"वाच."

वनिताने वाचलं, हळूहळू, अक्षर न चुकता.

"आता माझ्याकडे बघ. ओळखतेस?"

ती खरंच त्यांच्याकडे बघत राहिली. प्रधानांनी नेहमीसारखी नजर रोखली होती, आणि या वेळी समोरची नजर वळत नव्हती.

"वळखते काका," वनिता म्हणाली. "तुमच्याइतकी मी कुनाला वळखत नाय. पन आता वळखीवर नाय दाबनार."

तिने 'रद्द करा' दाबलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि फोन पिशवीत ठेवून पुन्हा सुरी हातात घेतली. रांगेत एक-दोघांनी फोन काढले होते, ते खिशात गेले. कुणी हसलं नाही. मी हसणार होते, पण तिथे हसण्यासारखं वातावरण नव्हतं. प्रधानांनी खुर्ची उचलली आणि वर निघून गेले. मासळी न घेता.

त्याच्या पुढच्या रविवारी मी त्यांना शेवटचं पाहिलं. नंतर मी भावाकडे गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं, नाशिकची मुलगी येऊन अंत्यविधी आटोपून परत गेली होती. तो रविवार मला नीट आठवतो, कारण मी रांगेत पुढे होते आणि टोपलीत बोंबलांचा शेवटचा वाटा होता. मी तो घेतला. पिशवी बंद करताना माझ्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. खुर्ची नाही, फोन नाही, हातात रिकामी पिशवी.

वनिता खाली मान घालून खवले काढत होती. तिने वर न बघता विचारलं, कोन हाय पुढं?

"प्रधान, विनायक," मागून आवाज आला. "फ्लॅट नंबर सहा. दुसरा मजला."

तिने मान वर केली. टोपलीत मांदेली तेवढी उरली होती, तिने ती दोन्ही हातांनी भरून त्यांच्या पिशवीत टाकली. ते म्हणाले, अजून थोडी टाक. माझ्या पिशवीत बोंबील होते. मी एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि बोंबील घेऊन वर गेले.